ईडीपीतले तलाठी

तलाठी हे त्यांचं आडनाव नाही आणि हुद्दाही नाही. धाराशिवला आमच्या नागरी सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात जिन्याखाली एक खोली आहे. दारावर 'ईडीपी विभाग' अशी पाटी आहे आणि त्या तीन अक्षरांचा अर्थ बँकेत फक्त दोघांना सांगता यायचा. त्यातले एक निवृत्त झाले. उरले ते तलाठी. पगारपत्रकावर ते 'अधिकारी, संगणक' आहेत. पण जिल्ह्यातल्या आमच्या शाखांत कुठं कुठलं यंत्र आहे, ते कुणाच्या वहिवाटीत आहे, त्याची रॅम किती, ती मूळची की मागाहून घातलेली, याचा उतारा त्यांच्याकडं मागाल तेव्हा मिळतो. म्हणून उमरग्याच्या कॅशियरनं त्यांना हे नाव दिलं आणि ते चिकटलं. २०२४ साली सरकारनं तलाठ्यांचं पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं तेव्हा आम्ही त्यांना विचारलं, "सर, आता तुम्हाला काय म्हणायचं?" ते गंभीरपणे म्हणाले, "जुन्या नोंदीत बदल करायचा तर फेरफार घालावा लागतो. राहू द्या."

विनोद त्यांना कळत नाही असं नाही. तो कुठल्या रकान्यात भरायचा हे कळत नाही.

बेताची उंची, शर्ट खोचलेला, खिशात दोन पेनं, एक छोटी टॉर्च आणि रंगाऱ्याचा अर्ध्या इंची ब्रश. ब्रश यासाठी, की कॉम्प्युटरचा सिरियल नंबर ज्या चिठ्ठीवर असतो ती कंपनीवाले कॅबिनेटच्या मागं नाहीतर बुडाशी लावतात, आणि आमच्याकडं उन्हाळ्यातल्या एका दुपारच्या वावटळीत त्या चिठ्ठीवर मेथी पेरता येईल एवढी माती बसते. तलाठी टेबलाखाली शिरतात, ब्रशानं नंबर मोकळा करतात, टॉर्च मारून मोठ्यानं वाचतात. काउंटरवरच्या बाई सवयीनं पाय वर घेतात आणि समोरच्या ग्राहकाला सांगतात, "काही नाही काका, मोजणी चालू आहे." भूमच्या शाखेत एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं खाली वाकून विचारलं, "काय हारपलंय का सायब?" टेबलाखालून उत्तर आलं, "त्येच बघायलालोय."

बँकेत ते कारकून म्हणून लागले. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झालं आणि पाहता पाहता गावोगाव त्याचे क्लास निघाले. तलाठ्यांनी तो कोर्स केला, आणि तेवढ्या भांडवलावर त्यांना जिन्याखाली बसवण्यात आलं. तोवर बँकेत मोजदादीचं एकच शास्त्र होतं, डेडस्टॉक रजिस्टर. खुर्च्या, पंखे, तिजोरी, पाण्याची टाकी आणि कॉम्प्युटर यांना एका पंगतीला बसवणारं. मार्चअखेरीला एक कारकून आणि एक शिपाई ते घेऊन फिरत. शिपाई "हाय" म्हणे, कारकून बरोबरची खूण करी. खुर्चीच्या बाबतीत हे शास्त्र निर्दोष आहे. खुर्चीचा एक पाय काढून कुणी दुसरीला लावत नाही. कॉम्प्युटरचं तसं नाही. कळंबची हार्ड डिस्क भूमला गेलेली, भूमची रॅम वाशीला, वाशीचा एसएमपीएस गणपतीत मंडळाच्या कॉम्प्युटरला 'तात्पुरता' लावलेला. रजिस्टरात मात्र सगळीकडं 'संगणक, नग १, सुस्थितीत'. तलाठ्यांना त्या शेऱ्याचा जेवढा राग आहे तेवढा व्हायरसचाही नाही.

मग एका वर्षी त्यांना कुणीतरी स्पाइसवर्क्सचं नाव सांगितलं. अमेरिकेत टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर फुकट होतं. बदल्यात पडद्याच्या कडेला जाहिराती बघाव्या लागत. ते एका यंत्रावर बसवायचं आणि नेटवर्कची हद्द दाखवून द्यायची. १९२.१६८.१.१ पासून १९२.१६८.१.२५४ पर्यंत एकेका पत्त्याला ते हाक मारत जाई. कुणी ओ दिली की पुढचे प्रश्न. विंडोज असशील तर डब्ल्यूएमआयच्या वाटेनं सांग, नाव काय, प्रोसेसर कोणता, डिस्क किती भरली, आत काय काय बसवलंय. प्रिंटर असशील तर एसएनएमपीनं सांग, आजवर पानं किती छापलीस. जो ओ देणार नाही तो नाहीच. त्या दिवशी तलाठ्यांनी डबा उघडला नाही. इतकी वर्षं गुडघ्यावर बसून वाचलेले नंबर आपल्या पायांनी वर चालत येत होते.

पुढं कंपनीनं ते सॉफ्टवेअर बंद केलं, तेव्हा त्यांनी फ्रान्समध्ये जन्मलेली ओसीएस इन्व्हेंटरी आणि जीएलपीआय ही मुक्त जोडी आणली. इथं प्रत्येक यंत्रावर एक छोटा एजंट बसवायचा असतो, तो ठरल्या वेळी आपली माहिती आपणच मुख्य सर्व्हरला कळवतो. प्रत्येक कॉम्प्युटरवर एजंट नेमल्याचं परिपत्रक निघालं तेव्हा आमच्या पिग्मी एजंटांचं शिष्टमंडळ 'त्यांना कमिशन किती' हे विचारायला आलं होतं. एन-मॅप या १९९७ सालच्या साधनावर मात्र तलाठ्यांची खास भक्ती. 'मेट्रिक्स रीलोडेड' या इंग्रजी चित्रपटात नायिका वीजकेंद्राच्या कॉम्प्युटरमध्ये शिरताना तेच वापरते. ती काही सेकंदांची जागा त्यांनी कित्येकदा पाहिली आहे. चित्रपटाचा शेवट काय होतो ते त्यांना माहीत नाही.

पहिली पूर्ण मोजणी झाली आणि आकडे आले ते असे. रजिस्टरात ८४. सॉफ्टवेअरात ९७. शाखाशाखांत फिरून डोळ्यांनी मोजले ते ७१. चेअरमनसाहेब म्हणाले, "एक आकडा सांगा. ठरावात तीन बसत नाहीत."

तलाठ्यांनी फोड करून सांगितली, हा त्यांचा दोष. रजिस्टरातले काही कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेलेत, पण त्यांचं निर्लेखन झालेलं नाही, म्हणून कागदावर ते जिवंत आहेत. सॉफ्टवेअरच्या ९७ मध्ये प्रिंटर आहेत, अंगठ्याचं हजेरीयंत्र आहे, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आहे आणि स्टाफचे फोन आहेत. फोनांचा तर त्यांना विशेष मनस्ताप. नेटवर्कच्या प्रत्येक यंत्राला ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो आणि त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून बनवणारी कंपनी कळते. पण नव्या फोनांत दर वायफायपुढं वेगळाच बनावट पत्ता सांगायची सोय आली. "खोटं नाव सांगून आत येतात," तलाठी सभेत म्हणाले, आणि चार संचालकांनी नकळत खिसे चाचपले.

त्या यादीत तुळजापूर शाखेपुढं एक कोरियन कंपनीचा टीव्ही होता. शाखेत टीव्ही नाही. दुसऱ्या दिवशी तलाठी एसटीनं तुळजापूरला गेले, भवानीचं बाहेरूनच दर्शन घेतलं आणि शाखेत वायफायचा जोर कुठल्या भिंतीकडं वाढतो ते फोन हातात धरून बघत फिरले. भिंतीपलीकडं भाविकांचं लॉज होतं. लॉजच्या मॅनेजरला पासवर्ड आमच्याच शिपायानं दिलेला. फुकट नव्हे. लाइट गेली की लॉजच्या जनरेटरवरून खिडकीतून एक वायर शाखेत येत असे, आणि तिच्यावर आमचे दोन काउंटर चालत. हा करार कुठल्याही फाइलीत नव्हता आणि बँकेच्या इतर कुठल्याही करारापेक्षा चोख पाळला जात होता. तलाठ्यांनी पासवर्ड बदलला. टीव्ही यादीतून गेला. दुपारी लाइट गेली, वायरही गेली, आणि मार्चअखेरीच्या गर्दीत शाखाधिकाऱ्यांनी मोबाइलच्या उजेडात टोकन वाटली. तलाठ्यांच्या अहवालात एवढंच आहे: 'अनधिकृत उपकरण १, वगळले. पर्यायी वीजपुरवठा १, वगळला गेला.'

इथं मला माझं एक मत सांगायचं आहे. आपल्याकडं मोजायला कुणी आलं की माणूस आधी विचार करतो, हा काही द्यायला आलाय की न्यायला? द्यायला आला असेल तर एकाचे दोन होतात, न्यायला आला असेल तर दोनाचा एक. गारपिटीच्या पंचनाम्यात आणि बँकेच्या तारण-तपासणीत एकाच शेतातली द्राक्षबाग दोन वेगळ्या आकारांची निघते, हे कर्ज विभागात आयुष्य काढल्यावर मी छातीवर हात ठेवून सांगेन. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्यानं आपलं पीक आपणच फोनवरून नोंदवायचं ठरलं, तरी हा हिशेब सुटलेला नाही. तलाठ्यांच्या लेखी मात्र मोजणी काही देत नाही आणि काही नेत नाही. ती फक्त होते. अशा माणसाशी कसं वागायचं हे बँकेत कुणालाच उमगत नाही. २०११ च्या जनगणनेच्या घरयादीत घरात कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप आहे का, हा प्रश्न पहिल्यांदाच आला. यांच्या घरी आलेल्या गुरुजींनी तो विचारला. "एक चालू आहे, दीड बंद," हे म्हणाले. गुरुजींच्या फॉर्ममध्ये अर्ध्याला जागा नव्हती. वहिनींनी दोनदा चहा केला, अंधार पडला, तेव्हा गुरुजी निघाले. पुढच्या गल्लीतली घरं त्यांनी दुसऱ्या दिवशी केली.

त्यांच्या कारकिर्दीतलं सोनेरी पान म्हणजे कळंब. तिथले अकराही कॉम्प्युटर एका दुकानदाराकडून सुटे भाग जोडून घेतलेले. नामांकित कंपनीच्या यंत्रात बायॉसमध्येच सिरियल नंबर लिहिलेला असतो. जोडणीच्या यंत्रात मदरबोर्डवाला तो रकाना मोकळा सोडतो आणि तिथं इंग्रजीत लिहून ठेवतो, 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' म्हणजे जो कोणी यंत्र तयार करील त्यानं इथं नंबर भरावा. भरत कुणीच नाही. त्यामुळं जगभरातल्या असंख्य कॉम्प्युटरांचा सिरियल नंबर आजही 'भरावा' हाच आहे. सॉफ्टवेअरनं अकरा यंत्रांचा एकच नंबर पाहिला आणि इमानदारीनं अकरांचं एक खातं केलं.

त्या महिन्याच्या अहवालात कळंबपुढं 'कॉम्प्युटर १' असं आलं. आणि तो एक म्हणजे काय वर्णावा! १० वाजून ४ मिनिटांनी काउंटर दोनवर, ६ मिनिटांनी शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये, ७ मिनिटांनी लॉकररूमच्या शेजारी. मध्येच त्याची रॅम निम्मी होई, चहाच्या वेळेला दुप्पट. दिवसातून अकरा वेळा तो आपलं नाव बदली. चेअरमनसाहेबांनी अहवाल दोनदा वाचला आणि म्हणाले, "कळंबचं सगळं कामकाज एक कॉम्प्युटर रेटतोय. मग उमरग्याला चौदा कशाला लागतात?" उमरग्याचे शाखाधिकारी दोन महिने तलाठ्यांशी बोलत नव्हते.

यावर इलाज आहे. ओसीएसमध्ये अशा निरुपयोगी नंबरांची वेगळी यादी करता येते आणि मग सॉफ्टवेअर ते नंबर ओळखीसाठी धरत नाही. दुसऱ्या कुणी तेवढं करून सोडून दिलं असतं. तलाठ्यांनी मदरबोर्ड बनवणाऱ्याचं साधन शोधलं, दोन रविवार कळंबला काढले आणि अकराही बायॉसमध्ये रीतसर नंबर भरले. "भरावा म्हणून लिहिलंय की," ते म्हणाले. त्या सूचनेचं पालन करणारा जगातला पहिला माणूस आमच्या जिल्ह्यात निघाला, असं मी समजतो. कळंबकरांनी याची नोंद घेतलेली नाही.

सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही, यावर त्यांची श्रद्धा होती. ती ढळली वाशीला. वाशी म्हणजे आमची, नवी मुंबईची नव्हे. तिथल्या शाखाधिकाऱ्यांच्या कॉम्प्युटरपुढं अहवालात आलं, 'सलग ४१ दिवस चालू'. मुख्य कार्यालयानं वीजबिलाचा हवाला देऊन खुलासा मागवला. शाखाधिकारी गाडी काढून थेट ईडीपीच्या दारात येऊन उभे राहिले. "तलाठी, आई भवानीची शपथ घेऊन सांगतो, रोज साडेसहाला मी त्याला माझ्या हातानं बंद करून निघतो." तलाठी म्हणाले, "शपथ कळाली. नोंद वेगळी हाय."

दोघंही खरं बोलत होते. विंडोज १० मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असलं की 'शट डाउन' करूनही यंत्र पुरतं बंद होत नाही. आपल्या गाभ्याची अवस्था ते डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तिथूनच पुढं सुरू होतं. चालू राहिल्याचं घड्याळ शून्यावर यायला 'रीस्टार्ट'च करावं लागतं. हे शोधून काढल्यावर तलाठ्यांनी सर्व शाखांना शुद्धिपत्रक धाडलं: 'वाशी शाखाधिकारी यांचा कॉम्प्युटर बंद होत नाही, तथापि ते तो बंद करतात.' शाखाधिकाऱ्यांनी त्याची प्रत काचेखाली ठेवली आहे.

तलाठी हे नाव ज्यानं ठेवलं त्या उमरग्याच्या कॅशियरचा हिशेबही असाच, कसलाही डूख न धरता, चुकता झाला. बसवलेल्या सॉफ्टवेअरांच्या यादीत त्याच्या यंत्रावर पत्रिका जुळवण्याचं सॉफ्टवेअर निघालं. 'अनधिकृत' या सदरात, शाखा आणि टेबल क्रमांकासह, ते मासिक सभेत मोठ्यानं वाचलं गेलं. पोरगा लग्नाचं बघतोय ही बातमी त्याच्या आईच्या आधी संचालक मंडळाला कळली. महिनाभरात त्याला तीन स्थळं सांगून आली, त्यातलं एक खुद्द एका संचालकांच्या भाचीचं, आणि तेच जमलं. तलाठी लग्नाला गेले, अक्षता टाकल्या, नवरदेवाच्या कानाशी वाकले. सगळ्यांना वाटलं आशीर्वाद देतायत. ते म्हणाले, "आता ते काढून टाका."

मधल्या काळात जिल्ह्याचं नाव बदललं. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराच्या नव्या नावाला केंद्राची मंजुरी आली, सप्टेंबरात जिल्ह्याची अधिसूचना निघाली. आमच्या यंत्रांची नावं 'ओएसएम' या अक्षरांनी सुरू होणारी. एका संचालकांनी आग्रह धरला, की कॉम्प्युटरचं नाव 'धाराशिव मुख्य शाखा बचत काउंटर क्रमांक एक' असं सन्मानानं असावं. तलाठी म्हणाले, "विंडोजच्या जुन्या पद्धतीच्या नावात पंधराच अक्षरं बसतात." संचालक म्हणाले, "मग विंडोजला लिहा." शेवटी 'डीएचआर'वर तडजोड झाली. नावं बदलली त्या आठवड्यात सॉफ्टवेअरात सगळे जुने गैरहजर आणि सगळे नवे नव्यानं दाखल असे मिळून बँकेचे कॉम्प्युटर दुपटीला भिडले होते. दप्तराला नवं नाव एका दिवसात लागत नाही. रेल्वे स्टेशनचीही पाटी बदलायला २०२५ उजाडलं.

रिझर्व्ह बँकेनं १९ ऑक्टोबर २०१८ ला नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट काढली होती. तीत सांगितलंय की यंत्रं, सॉफ्टवेअर, नेटवर्कची उपकरणं यांची अद्ययावत नोंदवही ठेवा, ग्राहकांची माहिती कुठल्या यंत्रात आहे ते लिहा, आणि प्रत्येकाचं महत्त्व जास्त, मध्यम की कमी तेही लिहा. इतर बँकांत या परिपत्रकानं धावपळ उडाली असेल. तलाठ्यांनी ते लॅमिनेट केलं. आपण एकटेच वेडे नाही, मुंबईतही कुणीतरी आहे, असा त्यांचा त्या दिवशीचा चेहरा होता.

घोटाळा झाला महत्त्वाच्या रकान्यात. चेअरमनसाहेबांच्या केबिनमधलं यंत्र बँकेतलं सर्वांत महागडं. पडदा दोन फुटी, कीबोर्डला दिवे. तलाठ्यांनी त्यापुढं लिहिलं, 'कमी'. ऑडिटरनी तो तक्ता सभेपुढं ठेवला. चेअरमनसाहेब सावकाश म्हणाले, "माझा कॉम्प्युटर कमी?" तलाठी उभे राहिले. "साहेब, त्यात ग्राहकांची माहिती नाही. कर्जखाती नाहीत. ठेवी नाहीत." थांबले असते तर भागलं असतं. "पत्ते आहेत."

"आणि जास्त महत्त्वाचा कुठला?"

"परंड्याचा, साहेब. खिडकीतला."

सभेला परंड्याच्या खिडकीतला कॉम्प्युटर ठाऊकच नव्हता. सॉफ्टवेअरला तो दिसत नाही, कारण त्याला नेटवर्कची वायरच नाही. रजिस्टरात तो नाही, कारण फार पूर्वी त्याचं निर्लेखन झालंय. कागदोपत्री तो भंगार. तो सापडला तो तलाठ्यांच्या टॉर्चला, परंड्याच्या शाखेत, खिडकीच्या कट्ट्यावर, फुलाफुलांच्या कापडाखाली. पुढ्यावर दसऱ्याच्या हळदीकुंकवाचे थर. आत विंडोज एक्सपी, ज्याची देखभाल मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला थांबवली. कोअर बँकिंग येण्याआधीच्या जुन्या ठेवींचा तपशील त्या शाखेत तेवढ्या एका यंत्रात उरलेला. वारस येतात, मळलेली पावती पुढं करतात, आणि शाखाधिकारी गुपचूप खिडकीकडं जातात. त्याचा सांभाळ शिपाईमामांकडं. तलाठ्यांनी बटणाकडं हात नेला तसे मामा आडवे आले. "बंद करू नका सायब. ह्यो एकदा निजला की उठायचं त्येच्या मनावर हाय."

तलाठ्यांनी हात मागं घेतला, हे मी त्यांच्या चरित्रातलं महत्त्वाचं वाक्य समजतो. त्यांनी आधी त्या डिस्कची नक्कल केली, नकलेची नक्कल केली, एक मुख्य कार्यालयाच्या तिजोरीत ठेवली. मग नोंदवहीत पेनानं ओळ लिहिली आणि 'वापरकर्ता' या रकान्यात शिपाईमामांचं नाव घातलं. मामांना कॉम्प्युटर चालवता येत नाही. पण वहिवाट त्यांचीच.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चीही देखभाल थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसर नव्या पिढीचा लागतो. कुठल्या यंत्रात ते आहे आणि कुठल्यात नाही, हे इतर ठिकाणी लोक एकेक यंत्र उघडून बघत होते. तलाठ्यांनी एक बटण दाबलं आणि निम्म्याहून जास्त ओळी लाल झालेला कागद सभेपुढं ठेवला. खर्चाचा आकडा बघून एक संचालक कळवळून म्हणाले, "ही यादी करायला सांगितलं कुणी? यादी नसती तर हा खर्च आला नसता." इतका स्वच्छ अर्थविचार मी बँकेत पूर्वी ऐकला नव्हता.

तरी खरेदी झाली. नवी, नामांकित कंपनीची यंत्रं, प्रत्येकाला आपापला सिरियल नंबर. जुनी २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणं अधिकृत पुनर्वापरवाल्याच्या टेम्पोत चढली. निर्लेखनाचे ठराव झाले, एजंट बसले. पुढच्या मोजणीत रजिस्टरात ७९, सॉफ्टवेअरात, फोन-प्रिंटर वगळून, ७८ अधिक परंड्याची पेनानं लिहिलेली ओळ म्हणजे ७९, आणि शाखांनी डोळ्यांनी मोजून कळवले तेही ७९. चेअरमनसाहेबांनी अभिनंदनाचा ठराव मांडला. पेपरात देऊ म्हणाले.

तलाठी दोन दिवस गप्प. डबा अर्धा परत जायचा. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तीन आकडे जुळले म्हणजे दोघांनी तिसऱ्याचं बघून लिहिलंय." चौकशी केली तर तसंच. रजिस्टर भरणाऱ्या कारकुनानं सॉफ्टवेअरचा कागद समोर ठेवून ओळी उतरवल्या होत्या, आणि शाखांनी खुर्चीवरून न उठता रजिस्टरातला आकडा फोनवर सांगितला होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं तलाठी टॉर्च आणि ब्रश घेऊन निघाले.

संध्याकाळी परतले ते भूमच्या खव्याचे पेढे घेऊन. चेअरमनसाहेबांपासून वॉचमनपर्यंत प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवत गेले. कशाचे म्हणून विचारलं तर म्हणाले, "भूमला एक जास्त निघाला."